अण्णांच्या फियाटचा रंग

प्रश्न : कृष्णाकाठच्या एका गावातून आलेलं हे पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात देत आहे.

आमचे वडील, अण्णा, गावात डॉक्टर होते. १९६६ सालची करड्या-निळ्या रंगाची फियाट ११०० डिलाइट ही त्यांची व्हिजिटची गाडी. २०११ मध्ये अण्णा गेले, तेव्हापासून ती परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. २०१९च्या पुरात तिच्या दारांच्या निम्म्यापर्यंत पाणी चढलं होतं. बॉनेटचा रंग उन्हाने पांढुरका पडलाय. ड्रायव्हरच्या दाराची वरची कड, जिथे अण्णा कोपर टेकवायचे, तिथला रंग झिजून आतला तांबडा प्रायमर दिसतो. डाव्या मडगार्डला बैलगाडी घासली होती, तिथे गावच्या पेंटरने ब्रशने मारलेला ऑइलपेंट अजून तसाच आहे. खालून मात्र गंज दिसायला लागलाय. ऑक्टोबरमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पुण्याला असणारा माझा मोठा भाऊ म्हणतो, तोवर गाडी नव्यासारखी करू, मेटॅलिक मरून रंग देऊ, खर्च माझा. गॅरेजवाले म्हणतात, सगळा पत्रा घासून फुल पेंट मारला की शोरूम पीस होईल. मला तिच्यावरचा एक ओरखडाही हलवायचा नाही. दादा म्हणतो, तू गंजाची पूजा करतेयस. मी हट्टीपणा करतेय का?

उत्तर :

ताई, रंगाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे आणि गंजाच्या बाबतीत दादांच्या. तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडताय असं तुम्हाला वाटतंय, पण खरं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना दोन वेगळी उत्तरं आहेत.

आधी तुमच्या बाजूचं बोलते. साठ वर्षांची गाडी नव्याने रंगवणं कधीही शक्य आहे. यंदा, पुढच्या वर्षी, तुमच्या नातवंडांच्या काळातसुद्धा. पण एकदा ग्राइंडर फिरला की दाराची ती झिजलेली कड जगातला कुठलाही पेंटर परत आणून देऊ शकणार नाही. ज्या कामातून मागे फिरता येत नाही ते सगळ्यात शेवटी करावं, आणि करण्याची वेळ आलीच नाही तर उत्तम. तुमची भावना ही काही गावाकडची हळवी समजूत नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली, तिचा रोखच हा आहे की जुन्या गाडीवर लागेल तेवढाच हात फिरवावा आणि वापराच्या, वयाच्या खुणा तिच्या इतिहासाचा भाग मानाव्यात. मोठमोठ्या प्रदर्शनांत आता मूळ रंगातल्या, न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो.

आता जरा तुम्हाला विचारते. ‘एक ओरखडाही हलवायचा नाही’ असं म्हणताना गाडीवरची प्रत्येक खूण अण्णांची आहे असं तुम्ही धरून चाललाय. तसं आहे का? कोपराची कड त्यांची, मडगार्डचा ऑइलपेंट त्यांचा. पण २०११ नंतरची वर्षं गाडी नुसती उभी आहे. त्यात छतावर पडलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आहेत, पुराचा गाळ आहे, खालचा गंज आहे. हे अण्णांनी केलेलं नाही. ते असते तर त्यांनी हे राहू दिलं असतं का? पेशंटची गाठ नुसती बघत बसणारे डॉक्टर ते नसणार.

तरीही ‘अण्णांचं ठेवा, बाकीचं पुसा’ असं मी म्हणणार नाही, कारण पूर ही तुमच्या घराची आणि गावाची हकीगतच आहे. दाराच्या आतल्या रेक्झिनवर पाण्याची रेषा उमटली असेल तर ती खुशाल ठेवा. खूण कोणाची, हे मोजमाप इथे उपयोगाचं नाही. प्रत्येक डागापाशी उभं राहून एवढंच विचारा : हे थांबलेलं आहे की अजून चालू आहे? झिजलेली कड थांबलेली आहे. पांढुरकं बॉनेट जवळपास थांबलेलं आहे. दाराखालच्या पत्र्याचे पापुद्रे सुटतायत ते चालू आहे, आणि तुम्ही हे वाचताय तेव्हाही चालू आहे. जे थांबलंय ते ठेवायचं, जे चालू आहे ते थांबवायचं. घरातल्या जुन्या पितळी पातेल्याला आपण आतून दर वेळी नवी कल्हई लावतो, पण बाहेरचं कोरलेलं नाव आणि पोचे कोणी घासून काढत नाही. गाडीचंही तसंच करा.

दादांच्या मरून रंगाबद्दल. ‘नव्यासारखी’ म्हणजे १९६६च्या नव्यासारखी की आजच्या? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या त्या कंपनीतून, ही डिलाइट बाहेर पडली तेव्हा तिच्यावर साधा, एकसंध रंग होता. मेटॅलिक चमक आणि वरचा काचेसारखा पारदर्शक थर त्या गाडीने कधी पाहिलेला नाही. म्हणजे दादा म्हणतात तेही मूळ रूप परत आणणं नव्हे, ते नवं रूप देणं आहे. ते द्यायला हरकत नाही, पण त्याला जीर्णोद्धार म्हणू नये. उद्या कधी तुमचं एकमत होऊन रंगवायचंच ठरलं, तर तोच करडा-निळा द्या. मूळ छटा मागच्या सीटखाली, डिकीच्या आत, दाराच्या रबराखाली सापडेल, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. शिवाय आरसीवर नोंदलेला रंग बदलला तर आरटीओत त्याचीही नोंद करावी लागते.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. हिचा तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छत मिळूनच हिचा सांगाडा होतो. त्या पेट्यांना सिल म्हणतात. तुमच्या गाडीतल्या सिलमध्ये पुराचा बारीक गाळ नक्की बसलेला असणार, आणि गाळ वर्षभर ओल धरून ठेवतो. वरून झकास मरून, आत कुजलेली सिल, असं झालं की दार उघडताना गाडी मधून वाकायला लागते. वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून गॅरेजवाल्यांना पहिला प्रश्न रंगाचा विचारू नका, सिलचा विचारा.

ही तपासणी तुम्ही स्वतःही करू शकता. फ्रिजवरचं चपटं चुंबक मलमलच्या तुकड्यात गुंडाळा, म्हणजे ओरखडा पडणार नाही, आणि दाराचा खालचा भाग, मडगार्डच्या कडा, चाकाभोवतीची कमान यांवरून हळूहळू फिरवा. चांगल्या पत्र्याला ते चिकटेल. जिथे नुसतं घसरतं तिथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. मग गाडीखाली वाकून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकून पाहा. टणक आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला किंवा चुरा पडला तर नाही. सिलच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोकं असतात, ती गाळाने बुजलेली असतील. तारेने मोकळी करा, नळाच्या साध्या धारेने आतला गाळ वाहून जाऊ द्या, आणि आठवडाभर कडक उन्हात दारं उघडी ठेवून वाळवा. प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, सुटत आलेला रंग त्याने पापुद्र्यासारखा उडतो.

पत्रा गेलेला असेल तिथे नवा तुकडा वेल्ड करावाच लागेल. ते मूळपणाच्या विरोधात नाही. फक्त पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी काढून ठेवायला सांगा, आणि दाराजवळ वेल्डिंग असेल तर पत्र्याला ओल्या फडक्यांचा वेढा द्या, नाहीतर पलीकडचा रंग भाजून फोड येतात. एकदम लांब टाका न मारता थोडं थोडं थांबून मारायला सांगा. काम झालं की सिलच्या आत पोकळीत फवारायचं मेण मारून घ्या. हे काम कोणाला दिसणार नाही, आणि गाडीचं आयुष्य याच कामावर अवलंबून आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात. चावी फिरवून ‘बघू चालू होतंय का’ असं कोणालाही करू देऊ नका. गाडी पाण्यात होती, तेव्हा आधी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं ऑइल काढून बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, दिवसभर मुरू द्यायचं आणि मग हाताने इंजिन फिरवून पाहायचं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते त्या काळच्या रबराला मानवत नाही.

ब्रेकवर मात्र पैसा राखू नका. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच, म्हणजे एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज, लोखंडी नळ्या, सगळं नवं घाला. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. आणखी एक, जे रंग जपणाऱ्याने विसरू नये : ब्रेक ऑइल रंग खातं. एक थेंब मडगार्डवर पडला आणि तसाच राहिला तर खालचा पत्रा दिसेल. पडला की लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका.

आता तुमच्या जिव्हाळ्याचं. रंगाला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी, सकाळच्या उजेडात, फोटो काढून ठेवा. रंग कुठल्या जातीचा आहे ते बघायला डिकीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, कापसाला थिनर लावून हलकेच टेकवा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ड्यूको म्हणतात तो. नाही लागला तर तो भट्टीत भाजलेला किंवा नंतरचा पक्का रंग. ड्यूको निघाला तर गाडी कधीतरी पुन्हा रंगवली गेली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर खट्टू होऊ नका. अण्णांनी ज्या रंगाच्या गाडीतून रात्री-अपरात्री फेऱ्या मारल्या तो हाच.

धुवायला सौम्य कार शाम्पू आणि मऊ सुती कापड घ्या, एका वेळी हातभर भाग. बॉनेटवरची पांढुरकी भुकटी म्हणजे मेलेला वरचा थर. खरखरीत रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशीन तिथे नको, कारण मशीन सगळ्यात आधी कडा खातं आणि तुमचा सगळा जीव कडेतच आहे. त्याऐवजी न घासणारं, तेलकट जातीचं पॉलिश हाताने भरपूर चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा. कापडाला निळा रंग लागेल. घाबरू नका, एकसंध रंगाचं तसंच असतं. एक-दोन वेळा असं केलं की पांढुरक्यातून निळा पुन्हा डोकावतो, पण गाडी म्हातारीच दिसते. तिथेच थांबा. दाराच्या कडेला आणि ब्रशने मारलेल्या मडगार्डला पॉलिश मुळीच लावू नका, नुसतं मेण लावा. उघडा प्रायमर ओल पितो, तेव्हा त्या कडेला मेण दर पावसाळ्याआधी लावावं लागेल.

उघड्या पत्र्यावर तांबूस गंजाचे ठिपके असतील तिथे टॅनिक आम्लाचं गंजरोधक इअरबडने, फक्त ठिपक्यावर. गंज काळपट होऊन थांबतो. बाजूच्या रंगावर गेलं तर लगेच पुसा. कोरडा पॉलिश पेपर मात्र नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरात नको, विशेषतः ऐंशीच्या आई घरात असताना.

तुम्हाला दोन-तीन सल्ले हमखास मिळतील, ते मानू नका. डिझेलचा बोळा फिरवा, लखलखते, असं कोणी सांगेल. लखलखते दोन दिवस, मग त्यावर धूळ बसते आणि काचेभोवतीची रबरं फुगतात. जवसाचं तेल लावा असंही सांगतील. ते चिकट होतं आणि वर्षागणिक पिवळं पडत जातं. आणि ‘जुना रंग तसाच ठेवून वर पारदर्शक लॅकर मारू’ हे ऐकायला सगळ्यात गोड वाटेल. त्याखाली गंज चालूच राहतो, लॅकर सुटायला लागलं की मूळ रंग घेऊन सुटतं, आणि मेणासारखं ते पुसून काढता येत नाही.

आता माणसांचं. तुमच्या पत्रात दादांचं म्हणणं आहे, गॅरेजवाल्यांचं आहे, तुमचं आहे. आईंचं नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना विचारलंत का? कदाचित त्यांना त्या गाडीत एकदा बसून देवळापर्यंत जायचं असेल आणि रंगाशी काही देणंघेणं नसेल. कदाचित त्यांना गाडी त्या अवस्थेत पाहवत नसेल. दोन्ही शक्य आहे आणि दोन्हींतून निर्णय बदलू शकतो. शिवाय अण्णांनी मृत्युपत्र केलं नसेल तर गाडी तुम्हा तिघांची आहे. वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो, आणि इतर वारसांची संमती सहसा मागतात. तेव्हा दादांना बाजूला ठेवून हे होणार नाही, आणि होऊ नये.

दादांना गंज दिसतो म्हणजे त्यांचं प्रेम कमी आहे, असं मनात आणू नका. लांब राहणाऱ्या मुलाला घरातली पडझड जास्त टोचते. त्याला काहीतरी उभं करून दाखवायचं असतं. त्यांना नुसता नकार देऊ नका, काम द्या. ब्रेक, सिल, टायर, वायरिंग, रेडिएटर, हा खर्च रंगापेक्षा मोठा आहे आणि गाडी त्याच्यामुळेच उभी राहणार आहे. क्रोमचा बंपर आणि आतल्या सीट यांवर त्यांची हौस फिटू दे. सीटला नवं कव्हर घालायचं तर जुनं रेक्झिन फाडून टाकू नका, त्याच्यावरूनच चढवा. आणि त्यांच्याशी एक करार करा : दोन वर्षं गाडी या रंगात वापरू, त्यानंतरही तुला रंगवावीशी वाटली तर पुन्हा बसून बोलू. वाट पाहण्याने रंगवायची संधी जात नाही.

घाईबद्दलही त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगा. ऑक्टोबरचा मुहूर्त धरायचा तर पेंटिंग श्रावण-भाद्रपदात येणार. दमट हवेत एनसी रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग पांढरट पडतो. चांगले पेंटर पावसात असं काम घेतच नाहीत. जो घेतो त्याच्याकडे द्यायचं का, ते दादांनीच ठरवावं. समारंभाला गाडी धुऊन, मेण लावून, हार घालून अंगणात उभी राहिली तरी पुरे आहे. ब्रेकचं काम पूर्ण झालेलं नसेल तर आईंना तिच्यात बसवून रस्त्यावर नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

रस्त्यावर आणायची झाली तर दोन वाटा आहेत. एक, नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण. तुमचं २०११ नंतर राहिलं असणार. दुसरी वाट जुलै २०२१ पासूनच्या केंद्राच्या नियमांची. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली, मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राखता येतो. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. आईंना दर गुरुवारी दत्ताच्या देवळात न्यायचं असेल तर पहिली वाट धरा.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी. तुमच्याकडची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर आधीच तीन वेळा स्वस्तात रंगवलेली असेल, चुंबक जागोजागी घसरत असेल, तर तिथे जपण्यासारखा रंग उरलेला नाही. निर्धास्तपणे उघडा आणि नीट रंगवा. वापराची झीज आणि हलगर्जीपणाचं नुकसान यांत फरक आहे, दुसऱ्याला कौतुकाने नाव देऊन जपू नका. आणि ज्यांना अशी झीज नव्या गाडीवर मुद्दाम करून घ्यायची असते, त्यांना माझा सल्ला : नका करू.

ताई, येत्या पावसाआधी निदान एवढं करा. गाडीवर प्लॅस्टिकचा कागद असेल तर काढा, त्याच्याखाली घाम धरतो. सुती कव्हर घाला. चाकं जमिनीवरून उचलून मागे एक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनखाली लाकडी ठोकळे द्या, पण सिलखाली देऊ नका. शेडच्या जमिनीला ओल येत असेल तर फरशी किंवा जाड खडी टाका. काचा बोटभर उघड्या ठेवा आणि उंदरांसाठी जाळी लावा. आणि चुंबक फिरवायच्या दिवशी दादांना पुण्याहून बोलावून घ्या, ते त्यांच्याच हातात द्या.